राणीचा तास

आमच्या घरमालकीणबाईंना गावातल्या पोहण्याच्या तलावाचा सगळा इतिहास तोंडपाठ होता. अडचण एवढीच होती, की तो दर वेळी वेगळा असायचा.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, की हा तलाव एका इंग्रज साहेबाने आपल्या घोड्यासाठी बांधला. घोडा लठ्ठ होता आणि त्याला रायपूरचा उन्हाळा सोसत नव्हता. काही दिवसांनी मी सहज त्या घोड्याचा विषय काढला, तर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

"घोडा? घोडा कुठून आणला वं तू? तो तलाव रेल्वेच्या इंजिनाले पाणी पाजाले खोदला होता. आमच्या ह्यांना विचार."

'हे', म्हणजे काका, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते समोरच बसले होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. घोड्याच्या वेळीही त्यांनी अशीच मान हलवली होती.

समोरच्या घरातल्या सासूबाईंसाठी मात्र काकूंनी तिसरा इतिहास राखून ठेवला होता. तलावाच्या जागी पूर्वी औषधी झरा होता आणि त्या पाण्यात उतरलं की कंबरदुखी जाते. या इतिहासानंतर त्या घरातली सून कंबर धरून चालायला लागली. पुढच्या सोमवारपासून ती आमच्याबरोबर पोहायला येऊ लागली. घरात मान वर न करणारी ती मुलगी पाण्यात पडली की माशासारखी सुळकन् लांब जायची, आणि तास संपल्यावर पुन्हा कंबर धरून घरी जायची.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. मी नाशिकहून आले होते, नव्या राजधानीचे नकाशे काढायच्या नोकरीवर. दिवसभर मी शेतांवर सरळ, रुंद रस्ते आखायचे. संध्याकाळी पुरानी बस्तीतल्या बोळातून काकूंच्या घरी परतताना समोरून एक सायकलरिक्षा आली तरी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागायचं. काकूंना माझ्या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. एकदा मी नकाशा घरी आणला होता. त्यांनी चष्मा लावून तो इकडून तिकडे पाहिला.

"एवढा रुंद रस्ता काहून करून राहिले? पलीकडच्या बाईशी बोलाचं कसं?"

मी नकाशाची गुंडाळी केली.

काकू साठीच्या पुढच्या. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. माहेर वैनगंगेच्या काठचं, सासर दोन पिढ्यांपासून रायपुरात. त्यांची मराठी अर्धी नागपूरकडची, पाव हिंदी आणि उरलेली कुठली ते त्यांनाही माहीत नव्हतं. माझ्या बोलण्याला त्या 'रेडिओची मराठी' म्हणत. "बोल वं, बातम्या बोल," म्हणत आणि बायकांना गोळा करत.

तलावाला त्या समुद्र म्हणायच्या. दुपारी टॉवेल खांद्यावर टाकून दारातूनच ओरडायच्या, "मी समुद्रावर जाऊन राहिली हो!" तलावाच्या फाटकाबाहेर एक चणेवाला आणि एक रसवाला उभा असे, ती चौपाटी. काका बायकोबरोबर चौपाटीपर्यंत यायचे, कडुनिंबाखाली बसायचे आणि तास संपला की नोकरीतली जुनी शिट्टी वाजवायचे. शिट्टी झाली की पाण्यातल्या सगळ्या बायका काठाला लागत. कारण काकूंच्या मते गार्डाने शिट्टी दिल्यावर गाडी थांबत नसते आणि जो राहिला तो राहिला.

खरा समुद्रही त्यांनी पाहिला होता. काका एकदा त्यांना रेल्वेच्या पासवर पुरीला घेऊन गेले होते. दर्शन झालं, मग किनाऱ्यावर गेले. काकू थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि मग समुद्राकडे पाठ करून चणे खात बसल्या. मी विचारलं, "काहून?" तोवर मीही 'काहून' म्हणायला लागले होते.

"त्याले दुसरा काठच नाही वं," त्या म्हणाल्या. "पोहून पोचाचं कुठी?"

मला पोहायला त्यांनीच शिकवलं. त्यांची पद्धत कुठल्याही प्रशिक्षकाने वापरू नये अशी होती. हात कसे मारायचे, श्वास कसा घ्यायचा, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. त्या माझा हात धरून मला गप्पा मारत पाण्यात पुढे नेत आणि मध्येच भांडण काढत. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की नाशिकच्या चिवड्यात काही दम नसतो. मी चिडले. मी चांगली पाच मिनिटं नाशिकच्या चिवड्याची बाजू मांडली. कांद्याचा, लसणाचा, सगळा हिशेब दिला. बोलता बोलता लक्षात आलं, की काकू बऱ्याच लांब काठावर बसल्या आहेत आणि माझ्या पायाखाली फरशी नाही.

"आता आली तशीच परत ये," त्या म्हणाल्या. "चिवडा बरा असते तुमचा."

बायकांचा तास भर दुपारचा होता, माझ्या जेवणाच्या सुट्टीतला. तो आम्हाला कुणी प्रेमाने दिलेला नव्हता. उघड्यावरचा तलाव, डोक्यावर रायपूरचं ऊन, काठावरची फरशी अशी तापलेली की पाय ठेववत नसे. त्या वेळी पुरुष फिरकायचे नाहीत, म्हणून बायकांनी यावं, अशी जुनी वहिवाट. कुठे लिहिलेली नव्हती. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका जुन्या साड्या नाही तर सलवार-कमीज घालून उतरायच्या आणि कुणाचं काही म्हणणं नसायचं.

मग नव्या राजधानीला शोभावी म्हणून तलावाची दुरुस्ती निघाली. निळ्या फरश्या बसल्या, लोखंडी जाळी आली आणि एक नवे व्यवस्थापक आले. तरुण, सभ्य, सगळ्यांना 'आप' म्हणणारे. त्यांनी फाटकाशी एक फळा लावला. त्यावर खडूने नियम लिहिले होते आणि पहिलाच नियम असा, की नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घातल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही.

"सूती साड़ी के धागे मशीन में फँसते हैं, अम्मा," ते नम्रपणे म्हणाले. "नियम है. नायलॉन चाहिए."

पाऱ्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तसला पोशाख घालून कुणी घराबाहेर काय, न्हाणीघराबाहेरही आली नसती. समोरच्या सुनेचं तोंड एवढंसं झालं. काकूंनी मात्र फळा दोनदा वाचला.

"नायलॉन, बस?" त्यांनी विचारलं. "और कुछ नहीं?"

"बस, अम्मा."

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून अर्धी रजा काढायला लावून त्या गोल बाजारात घेऊन गेल्या. नायलॉनच्या साड्यांची फॅशन केव्हाच संपली होती. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी शिडी लावून माळ्यावरून एक गठ्ठा काढला. पोपटी, गुलाबी, जांभळ्या. त्यावर माणसाच्या तोंडाएवढी फुलं. शेठ म्हणाले, "बहनजी, हे कुणी नेत नाही." काकू म्हणाल्या, "म्हणूनच तर आली." मग ओळखीच्या शिंप्याकडून त्यांनी त्या साड्यांची तयार नऊवारी लुगडी शिवून घेतली. कासोटा पक्का शिवलेला, कमरेला नाडी, पदर जागच्या जागी टाचलेला. पाण्यात काय, वादळातही सुटलं नसतं.

आठवड्याने आम्ही सात-आठ जणी त्या फाटकातून आत शिरलो तेव्हा चणेवाल्याने हातातली पुडी तशीच धरून ठेवली होती. व्यवस्थापक धावत आले.

"ये क्या है, अम्मा?"

"नायलॉन," काकू म्हणाल्या. "हात लावून बघ."

त्यांनी अर्थातच हात लावला नाही. पण हे असं चालणार नाही, पोशाख म्हणजे पोशाख, त्याचा एक आकार असतो, असं काहीतरी ते बोलू लागले. काकूंनी फळ्याकडे बोट केलं. आकाराचं तिथे काही नव्हतं. तेव्हा त्यांनी खिशातून खडू काढला आणि नियमात भर घालायला फळ्याकडे वळले.

काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "हव, लिख दो भैया. साफ-साफ लिख दो, कि औरतों के घुटने दिखना ज़रूरी है. बड़े अक्षर में लिखना. नीचे अपना नाम भी लिखना."

खडू फळ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"और कल अपनी माताजी को लेके आना," काकू मायेनं म्हणाल्या. "उनको भी पढ़वाएँगे."

व्यवस्थापकांनी खडू खिशात ठेवला आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. त्या दुपारी तलावात एवढी फुलं तरंगत होती, की वरून पाहणाऱ्याला कुठल्या तरी सणाचं विसर्जन चाललंय असं वाटलं असतं.

खरं संकट पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आलं आणि ते चांगल्या गोष्टीतून आलं. तलावावर मोठं छत घालायचं ठरलं. छत उभं राहिलं आणि भर दुपारी पाण्यावर गार सावली आली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की दुपारचा तास हा तर सगळ्यांत उत्तम तास. कुणाला तो साहेबलोकांसाठी हवा होता, कुणाला त्यांच्या मुलांच्या शिकवणीसाठी. बायकांना पहाटे अंधारात यायला सांगावं, असं ठरत होतं. पहाटे पाऱ्यातली एकही बाई घरातून निघू शकली नसती, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. समोरच्या सुनेनं तर मला जिन्यात गाठून विचारलं, "दीदी, पहाटे माझी कंबर कशी दुखणार?"

मी काकूंना म्हटलं, आपण अर्ज करू या. त्या म्हणाल्या, "अर्ज करणाऱ्याले वाट पाहा लागते."

त्याच सुमारास व्यवस्थापक स्वतःहून आमच्या घरी आले. छताच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. संगमरवरी शिला बसणार होती आणि तिच्यावर तलावाच्या इतिहासाच्या चार ओळी हव्या होत्या. त्यांनी सगळी कपाटं धुंडाळली होती. इतिहास कुठेच नव्हता. कुणीतरी सांगितलं, अम्मांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे.

काकूंनी त्यांना पोहे दिले. वर शेव घातली. लिंबू पिळलं. मी मनात म्हटलं, आता घोडा येतो की इंजिन?

दोघंही आले नाहीत. काकू हळू आवाजात बोलायला लागल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी सांगितलं, की फार जुन्या काळी इथे एका मोठ्या घरची बाई होती. तिची मुलगी तळ्यावर पाणी भरायला गेली आणि पाय घसरून बुडाली. काठावर पंधरा बायका होत्या, एकीलाही पोहता येत नव्हतं. त्या बाईने मग स्वतःचे दागिने मोडून हा तलाव बांधला, मुलींना पोहायला शिकवायला. आणि पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी सगळ्या गावासमोर शब्द घेतला, की दुपारचा तास बायकांचा. पाणी आहे तोवर बायकांचा.

व्यवस्थापकांचे पोहे गार झाले होते. त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. "उनका नाम क्या था, अम्मा?"

काकू क्षणभरही थांबल्या नाहीत. "राणी म्हणायचे लोक. बड़े घर की औरतों का नाम तब कौन लेता था?"

काकांनी मान हलवली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकू, हे साफ खोटं आहे."

"आज आहे," त्या म्हणाल्या. "दगडावर चढू दे."

दगडावर चढलं. दुपारच्या तासासकट चढलं, सोनेरी अक्षरांत. मंत्र्यांनी ते माइकवरून दोनदा वाचलं. आपल्या नव्या राज्याला अशाच जुन्या विभूतींची गरज आहे, असं ते म्हणाले. एक प्राध्यापक उठून उभे राहिले आणि आपल्या संशोधनातही या राणीचे उल्लेख आले आहेत, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी त्यांच्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, "माझ्यापेक्षा हा मोठा आहे."

दुपारचा तास वाचला. दगडावर मंत्र्यांचं नावही होतं, त्यामुळे तो बदलायची कुणाची छाती झाली नाही. तो तास मागायला कुणी आलं की व्यवस्थापक स्वतः त्याला शिलेपाशी नेऊन राणीची गोष्ट सांगत. ती ते काकूंपेक्षाही चांगली सांगायला लागले होते.

पण मंत्र्यांनी जाता जाता आणखी एक घोषणा केली होती. राणीचा कमरेपर्यंतचा पुतळा तलावाच्या काठी बसवायचा. महिन्याभराने व्यवस्थापक पुन्हा आले. पुतळा घडवणाऱ्याला चेहरा हवा होता. राणीचं एखादं जुनं चित्र, एखादा फोटो?

मला वाटलं, आता काकू अडकल्या.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी काका भाजी आणायला गेले, तेव्हा त्यांनी मला स्टुलावर चढवलं आणि देवघराच्या भिंतीवरची एक तसबीर उतरवायला लावली. स्टुडिओत काढलेला जुना फोटो. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई, भुवया अशा जुळलेल्या की फोटोवाल्याने बहुतेक एकच फोटो काढून पळ काढला असावा.

"ह्या कोण?"

"माझी सासू."

मी स्टुलावरच बसले. काकूंनी पदराने काच पुसली. मग त्यांनी जे सांगितलं, त्यात पहिल्यांदाच दुसरी आवृत्ती नव्हती. नदीकाठची पोट्टी लग्न होऊन रायपुरात आली. पहिल्याच उन्हाळ्यात बायकांबरोबर तळ्यावर गेली आणि माहेरच्या सवयीनं सूर मारला. सासूनं त्या संध्याकाळी सांगितलं, की या घरची सून पाण्यात घोट्याच्या वर जाणार नाही. सासू होती तोवर काकू घोट्याच्या वर गेल्या नाहीत. केस पांढरे झाले. सासू गेली, तिचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी काकू टॉवेल घेऊन तलावावर गेल्या.

"वाईट होत्या का फार?" मी विचारलं.

"नाई वं. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. मले ताप आला तं उशाशी बसून राहायची." काकू फोटोकडे बघत होत्या. "तिची लहान बहीण तळ्यात बुडून मेली होती. हिच्या डोळ्यांसमोर. ते मले ती गेल्यावर कळलं, तिच्या भावानं सांगतलं. तिनं कधी तोंडातून काढलं नाही. नुसता धाक दाखवला."

मला राणीची मुलगी आठवली, काठावरच्या पंधरा बायका आठवल्या.

"म्हणजे ती गोष्ट…"

"अर्धी तिची आहे," काकू म्हणाल्या. "उरलेलं तिनं करायला पाहिजे होतं, ते मी करवून घेतलं."

फोटो पिशवीत घालताना त्या पुन्हा नेहमीच्या आवाजात आल्या. "त्या मूर्तीवाल्याले सांग, भुवया तशाच ठेवाच्या. हसवू नको म्हणा. ओळखू येणार नाही."

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीवरची तसबीर कुठे गेली, असं त्यांनी विचारलं तेव्हा काच बदलायला दिली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी मान हलवली.

पुतळ्याचं अनावरण बायकांच्याच तासाला ठेवलं होतं. म्हणून त्या दिवशी काका आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळेला फाटकाच्या आत आले. स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला, हातात काळी छत्री. नारळ फुटला, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. पुतळा चांगला झाला होता. भुवया जशाच्या तशा होत्या. एक हात छातीशी, आणि दुसरा ताणून पाण्याकडे केलेला, जणू सगळ्या बायकांना सांगतोय, उतरा.

पाहुणे चहाकडे गेले. बायका पाण्याकडे पळाल्या. काका तिथेच उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी आणि काकू थोड्या मागे होतो. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना कधी कुणाला भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं.

"ही आई आहे," काका म्हणाले.

"हव," काकू म्हणाल्या.

पाण्यातून बायकांचं खिदळणं ऐकू येत होतं.

"आई हात असाच करायची," काका म्हणाले. "पण घराकडे."

"मीच सांगतलं मूर्तीवाल्याले," काकू म्हणाल्या. "जरासा फिरव म्हणून."

या वेळी काकांनी मान हलवली नाही. काकूंनी वाट पाहिली, मग माझं मनगट सोडलं आणि जांभळ्या नायलॉनच्या लुगड्याचा पदर खोचून पुतळ्यासमोरून सरळ पाण्यात गेल्या. पायरीवर त्या थांबल्या नाहीत. पाणी घोट्यावर आलं, गुडघ्यांवर आलं, कमरेवर आलं, आणि मग त्यांनी सूर मारला.

छत तलावाच्या काठापर्यंतच होतं. पुतळा पूर्ण उन्हात होता. काकांनी वर पाहिलं, छत्री उघडली आणि आईच्या डोक्यावर धरली. मग बायकांचा तास आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते छत्री तशीच धरून, पाण्याकडे पाठ करून उभे राहिले.